उंदीर खोटं बोलत नाहीत

गेल्या पंचवीस वर्षांत म्हातारपणावर इतके उपाय सापडले आहेत की खरं तर एव्हाना आपल्यापैकी कोणी म्हातारं व्हायलाच नको होतं. कधी द्राक्षाच्या सालीतलं काहीतरी निघतं, कधी हळदीतलं, कधी आणखी कशातलं. २०२३ पासून टॉरिनची पाळी आहे. नावं बदलतात, बातमीचा साचा तोच राहतो. "म्हातारपण लांबवणारा पदार्थ सापडला", "हाडं पुन्हा तरुणासारखी होणार". आणि या सगळ्या मथळ्यांमध्ये एक शब्द हमखास गाळलेला असतो, फार तर बातमीच्या अकराव्या ओळीत लपवलेला असतो. तो शब्द म्हणजे "उंदरांमध्ये".

आजचं माझं भांडण हा शब्द गाळणाऱ्यांशी आहे. उंदरांशी मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्याकडे या विषयावर दोनच पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, "सायंटिस्टनी सिद्ध केलंय, घ्या डबा!" दुसरा म्हणतो, "हे सायंटिस्ट उंदीर मारत बसतात आणि सरकारचे पैसे उडवतात, आपला आजीबाईचा बटवाच बरा." मला हे दोन्ही पक्ष सारखेच आळशी वाटतात. दोघांनीही मूळ प्रयोगात काय केलं होतं ते वाचलेलं नसतं.

तर आधी तो प्रयोग बघू.

जून २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात टॉरिनवरचा एक मोठा शोधनिबंध आला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले विजय यादव हे त्यामागचे प्रमुख संशोधक. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीतले संशोधकही त्यात होते. टॉरिन हे एक अमिनो आम्ल आहे. आपलं शरीर ते थोडंफार स्वतः बनवतं, बाकीचं मासे-मटणातून मिळतं. (कोकणातल्या मंडळींनी खूश व्हायला हरकत नाही, तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांत ते भरपूर असतं. :-)) यादवांच्या गटाने १४ महिन्यांचे, म्हणजे माणसाच्या हिशोबात साधारण पंचेचाळिशीचे, २५०च्या आसपास उंदीर घेतले. निम्म्यांना रोज टॉरिन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. ज्यांना दिलं त्यांच्यातल्या माद्या सरासरी १२ टक्के आणि नर १० टक्के जास्त जगले. नुसते जगले नाहीत, तर त्यांची हाडं अधिक भरीव राहिली, स्नायू बळकट राहिले, वजनही आटोक्यात राहिलं. १५ वर्षांच्या ऱ्हीसस माकडांना सहा महिने टॉरिन दिलं तेव्हा त्यांच्या मणक्यांची आणि पायांची हाडंही अधिक घट्ट झाली.

हे काम छानच आहे. आणि ते आकाशातून पडलेलं नाही. यादव मुळात हाडांवर काम करणारे. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं होतं की बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या उंदरीणींची पिल्लं खुरटी राहतात, त्यांची हाडं विरळ होतात, आणि त्या पिल्लांना टॉरिन दिलं की वाढ आणि हाडं दोन्ही सुधारतात. हाडापासून सुरू झालेला धागा असा म्हातारपणापर्यंत गेला. नीट, वर्षानुवर्षं, एकेक गाठ सोडवत केलेलं काम आहे हे. त्याबद्दल मी टोपी काढते.

पण त्यानंतर जे झालं त्याला मराठीत सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात.

विद्यापीठाच्या प्रसिद्धीपत्रकातच एक गणित होतं. उंदरांना मिळालेले तीन-चार महिने म्हणजे माणसाची सात-आठ वर्षं! आता हे त्रैराशिक चौथीतल्या पोरालाही मांडता येईल. पण कुठल्या नियमाने उंदराचा महिना माणसाच्या वर्षांत बदलून मिळतो? बँकेत डॉलर बदलतात तसा? खुद्द शोधनिबंधात आणि यादवांच्या बोलण्यात "माणसांवर चाचणी झाल्याशिवाय काही म्हणता येणार नाही" हे स्पष्ट होतं. पण सात-आठ वर्षांचा आकडा एकदा छापला की त्या वाक्याकडे कोण बघतो? शिवाय शोधनिबंधाच्या शीर्षकातही प्राण्याचं नाव नव्हतं. टॉरिनची कमतरता वार्धक्याला चालना देते, एवढाच त्याचा अर्थ. वार्धक्य कुणाचं, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं.

हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण नाही. २०१९ मध्ये जेम्स हेदर्स नावाच्या संशोधकाने ट्विटरवर एक खातं काढलं होतं. ते खातं एकच काम करायचं. आरोग्याच्या भपकेबाज बातम्या घ्यायच्या आणि वर फक्त "उंदरांमध्ये" हे शब्द जोडायचे. लोक हसले. पण २०२१ मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी'त याचा अभ्यासच छापून आला. अल्झायमरवरचे उंदरांवर केलेले सहाशेहून जास्त शोधनिबंध तपासले, तर ज्यांच्या शीर्षकात उंदीर नव्हते त्यांच्या बातम्यांच्या मथळ्यांतूनही उंदीर बहुतेक वेळा गायब. म्हणजे गळती वर्तमानपत्राच्या कचेरीत सुरू होत नाही, ती आणखी वर, टाकीतच सुरू होते.

आता उंदीर आणि आपण, यांच्यात फरक तो किती? हाडांपुरतंच बोलू.

पहिली गोष्ट, प्रयोगातले उंदीर हे बहुतेक वेळा एकाच शुद्ध वाणाचे असतात. सगळे जणू जुळी भावंडं. सगळ्यांना एकच खाणं, एकच पिंजरा, एकच दिवस-रात्र. आपल्या एका घरातसुद्धा एक जण साखरेचा पेशंट, एक थायरॉइडचा, एक जिन्यावरून दिवसातून दहादा चढउतार करणारा, असं असतं.

दुसरी गोष्ट, उंदराच्या मादीची रजोनिवृत्ती बाईसारखी नसते. बायकांची हाडं पन्नाशीच्या आसपास झपाट्याने झिजतात, कारण इस्ट्रोजेन एकदम घसरतं. उंदरीणीत तशी घसरण घडवायची तर तिची बीजकोशं काढावी लागतात. म्हणजे आजार आधी आपण तयार करायचा आणि मग त्यावर उपाय शोधायचा. याला पर्याय नाही हे मान्य. पण लक्षात तर ठेवावं.

तिसरी गोष्ट, उंदराचं हाड आपल्यासारखं आतून पोखरून पुन्हा भरलं जात नाही. माणसाच्या हाडाच्या कठीण भागात आयुष्यभर अशी डागडुजी चालू असते, उंदराच्या त्या भागात ती जवळजवळ नसतेच. शिवाय उंदीर चार पायांवर चालतो. रात्री बाथरूमला जाताना ओल्या फरशीवर त्याचा पाय घसरत नाही आणि खुब्याचं हाड मोडत नाही.

आणि चौथी गोष्ट तर मला स्वतःला फारच आवडली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं की प्रयोगशाळेचं नेहमीचं तापमान, म्हणजे साधारण २२ अंश, हे उंदराच्या दृष्टीने थंडीच आहे. ऊब टिकवायला त्याची ताकद खर्च होते आणि वयात येतायेताच त्याची आतली जाळीदार हाडं विरळ होऊ लागतात. ३२ अंशांत ठेवलं तर ही झीज टळते. म्हणजे ज्याला आपण "वयाबरोबर होणारी हाडांची झीज" समजत होतो, त्यातली काही झीज नुसती कुडकुडण्याची होती! एसीचा काटा दहा अंश इकडचा तिकडे केला की उत्तर बदलतं. आणि आपण त्यावर डबे विकत घेतोय.

उंदरांवरच्या उत्तरांत आपापसातही एकमत असतंच असं नाही. २००८ मध्ये कोलंबियातल्याच जेरार्ड कार्सेंटी यांच्या प्रयोगशाळेने (विजय यादव तेव्हा तिथेच होते) एक धक्का देणारी गोष्ट मांडली. आतड्यात तयार होणारं सेरोटोनिन हाडांची बांधणी मंदावतं! २०१० मध्ये त्यांनी हे सेरोटोनिन रोखणारं औषध देऊन बीजकोश काढलेल्या उंदरांची हाडं भरून आणली. पण २०११ मध्ये मॅथ्यू वॉर्मन यांच्या गटाने उंदरांवरच प्रयोग करून सांगितलं की आम्हाला हे काही दिसत नाही, संबंधित जनुक थेट हाडाच्या पेशींतच काम करतं. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. विज्ञान असंच भांडत भांडत पुढे जातं. पण भांडण चालू असताना मध्येच एका बाजूचा डबा करून विकायला आणणं, ही लबाडीच.

टॉरिनचंही तेच झालं. जून २०२५ मध्ये त्याच 'सायन्स'मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगच्या संशोधकांचा निबंध आला. २०२३ च्या निबंधाचा एक पाया असा होता की वयाबरोबर रक्तातलं टॉरिन घटतं. या लोकांनी बाल्टिमोरच्या दीर्घकालीन पाहणीतल्या २६ ते १०० वर्षांच्या निरोगी माणसांचं रक्त तपासलं, त्याच त्याच माणसांचं अनेक वर्षं. माकडांचं आणि उंदरांचंही तपासलं. टॉरिन कमी होताना दिसलं नाही. ते तेवढंच राहिलं किंवा वाढलं. दोन माणसांमधला फरकच वयामुळे पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा निघाला. याचा अर्थ यादवांचे उंदीर जास्त जगले नाहीत असा होत नाही. ते जगलेच. टॉरिन देण्याचा उपयोग होतो की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि माणसांच्या बाबतीत तो आजही उघडा आहे. पण "वय वाढलं, टॉरिन घटलं, भरून काढा" ही जी विक्रेत्यांची सोपी गोष्ट होती, तिचा एक पाय मोडला. २०२५ मध्येच 'नेचर'मध्ये आलेल्या दुसऱ्या एका कामात, पुन्हा उंदरांमध्येच, रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी टॉरिन वापरून फोफावतात असंही दिसलं. त्यावरून घाबरून जायला नको. पण एका उंदरावरून नाचायचं आणि दुसऱ्या उंदराकडे पाठ फिरवायची, हे कसं चालेल?

इथे दुसरा पक्ष टाळ्या वाजवायला लागला असेल. "बघा, आम्ही म्हणत होतो ना! आज एक सांगतात, उद्या दुसरं." थांबा जरा. तुमच्यासाठीही आहे.

१९९७ मध्ये अॅमजेन या कंपनीच्या संशोधकांनी एक प्रथिन शोधलं. उंदरांच्या शरीरात ते जास्त तयार होईल अशी व्यवस्था केली तर उंदरांची हाडं दगडासारखी भरीव झाली. पुढच्या वर्षी ते प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांची हाडं ठिसूळ. या धाग्याने जात जात, हाड खाणाऱ्या पेशींना "चल, कामाला लाग" असा निरोप देणारा रेणू सापडला, आणि तो निरोप अडवणारं औषध तयार झालं, डेनोसुमॅब. मग ते ६० ते ९० वयाच्या ७,८६८ बायकांवर तीन वर्षं तपासलं. मणक्याची मोडतोड ६८ टक्क्यांनी कमी झाली, खुब्याची ४० टक्क्यांनी. २०१० मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. उंदरापासून बाईपर्यंत यायला १३ वर्षं लागली. हे उंदीर नसते तर हे औषध नसतं. डोंगर पोखरून उंदीर काढणं आपण ऐकलंय, इथे उंदीर पोखरून डोंगर निघाला.

उंदीर कधी उगीच घाबरवतातही. टेरिपॅराटाइड हे हाड बांधणारं औषध. उंदराच्या थोरल्या भावाला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटला (मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो), ते मोठ्या मात्रेत जवळजवळ जन्मभर दिलं तर हाडाचा कर्करोग झाला. त्यामुळे २००२ मध्ये परवानगी मिळताना औषधावर ठळक इशारा छापला गेला. माणसांत मात्र वर्षानुवर्षं तसं काही वाढलेलं दिसलं नाही आणि २०२० मध्ये तो इशारा काढला. उलट ओडानाकॅटिबचं बघा. ज्या विकराला ते औषध अडवतं, ते विकर नसलेल्या उंदरांची हाडं घट्ट असतात हे १९९८ पासून माहीत. १६ हजारांहून जास्त बायकांवर चाचणी झाली, हाडं मोडायचं प्रमाणही घटलं. पण पक्षाघाताचा धोका वाढला आणि २०१६ मध्ये मर्क कंपनीने औषध सोडून दिलं. हे कुठल्याही पिंजऱ्यात कळलं नसतं.

तेव्हा उंदीर खोटं बोलत नाहीत. त्यांना जे विचारलं त्याचं उत्तर ते देतात. आपण त्यांना एक विचारतो आणि छापताना भलतंच छापतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला काय झालं? कुणी घेतला एखादा डबा, तर बिघडलं काय? बिघडतं, म्हणून तर लिहितेय.

आमच्या घरातलीच गोष्ट सांगते, आत्याची परवानगी घेऊन. आत्या ७४ वर्षांची. मणक्याचं एक हाड आधीच दबलेलं. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन सांगितलंय. घरच्या ग्रुपवर टॉरिनची बातमी फिरली आणि पाठोपाठ ओळखीतल्या एका दुकानदाराने "हाडांसाठी आणि तारुण्यासाठी" असा एक महागडा डबा तिच्या गळ्यात मारला. आत्याने हिशोब केला. दोन्ही परवडत नाही, मग इंजेक्शन या खेपेला राहू दे. मी म्हटलं, "आत्या, ते उंदरांवर केलंय गं." तर म्हणते कशी, "अगं, उंदीर काय नि माणूस काय, जीव तोच ना?"

तिच्या या वाक्यावर मला काही उत्तर सुचलं नाही, कारण त्या वाक्यात वाईट काहीच नाही. पण या औषधाची गंमत (गंमत कसली!) अशी आहे की ते मध्येच थांबवलं तर दबून राहिलेली झीज उसळी मारून वर येते आणि एकामागून एक मणके मोडू शकतात. बंद करायचंच तर डॉक्टर त्याजागी दुसरं औषध सुरू करतात. इंजेक्शन चुकवून पावडर खाणं म्हणजे ब्रेक काढून गाडीला नवा रंग देणं. आणि म्हातारपणी खुबा मोडणं ही साधी गोष्ट नव्हे. बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत असं दिसतं की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात जातो. जे राहतात त्यातले कितीतरी जण पुन्हा एकटे घराबाहेर पडत नाहीत. मथळ्यातला एक शब्द गाळल्याची किंमत ही असते. ती छापणारा देत नाही, विकणारा देत नाही. आत्या देते. (आत्याचं इंजेक्शन वेळेवर झालं. डबा अजून फळीवर आहे.)

आणि एक राग आपल्या सगळ्यांवर, म्हणजे माझ्या नातेवाईक वाचकांवर. तुम्हाला राग आला तर येऊ दे. परदेशातून येताना आपण आईला गोळ्यांच्या बाटल्या आणतो. पण तिच्या बाथरूममध्ये धरायला दांडा बसवत नाही. रात्रीचा दिवा लावत नाही. तिची हाडांची घनता कधी मोजलीये का, विचारत नाही. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासत नाही. तिचा चष्म्याचा नंबर दोन वर्षं बदललेला नाही हे आपल्या गावीही नसतं. रोज अर्धा तास तिला घेऊन चालायला जायला आपल्याला वेळ नसतो. या कशासाठीही नव्या शोधाची गरज नाही. यात बातमीही नाही, म्हणूनच बहुधा होत नाही. डबा देणं सोपं असतं, डब्याबरोबर आपली सुटका होते.

माझी मागणी फार मोठी नाही. छापणाऱ्यांनी प्राण्याचं नाव मथळ्यात घालावं. संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकात घालावं, आपलं काम त्याने लहान होत नाही. आणि आपण फॉरवर्डचं बटण दाबण्याआधी एवढंच विचारावं. हे कुणावर केलं? किती जणांवर? हाड मोडायचं थांबलं, की नुसतं यंत्रावरचा आकडा सुधारला? आणि हे सांगणारा त्याचबरोबर काही विकतोय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं तर पहिल्या तिन्हींची उत्तरं पुन्हा एकदा तपासावीत.

असो. फार लांबलं. ज्यांच्या घरी असाच एखादा डबा फळीवर आहे त्यांनी कळवा, आणि मी विज्ञानविरोधी किंवा विज्ञानवेडी यापैकी नक्की काय आहे ते ज्यांना ठरवायचंय त्यांनीही खुशाल भांडायला या. फक्त येण्याआधी आईला एक फोन करा आणि शेवटचं हाड कधी तपासलं ते विचारा.